कार्यालयाला काय येतं, हे मोजायचं कसं?

सरकारी कार्यालयात एक जडवस्तू संग्रह नोंदवही असते. खुर्च्या, टेबलं, लोखंडी कपाटं, पंखे, बंद पडलेला संगणक, सगळं त्यात क्रमांकासह लिहिलेलं असतं. खुर्चीचा पाय मोडला तरी ती परस्पर भंगारात टाकता येत नाही. निर्लेखनाचा प्रस्ताव जातो, मंजुरी येते, मग विल्हेवाट. त्याच कार्यालयातला तीस वर्षं जमिनींची मोजणी केलेला भूकरमापक महिनाअखेरीला निवृत्त होतो, तेव्हा मात्र त्याच्याबरोबर काय बाहेर गेलं याची नोंद कुठेच होत नाही. शाल, श्रीफळ, दोन भाषणं, पेढे. दुसऱ्या दिवशी त्याचं काम शेजारच्या टेबलावर ‘अतिरिक्त कार्यभार’ म्हणून जातं.

माणसांना जे येतं, कार्यालयाने जे लिहून आणि बांधून ठेवलंय आणि लोकांचा त्या कार्यालयावर जो विश्वास आहे, या सगळ्याला मिळून बौद्धिक भांडवल म्हणतात. ते किती आहे, कुठे आहे आणि कुठे गळतंय, हे तपासणं म्हणजे त्याचं मूल्यमापन. खाजगी कंपन्यांच्या संदर्भात यावर भरपूर लिहिलं गेलंय. सरकारी कार्यालयात मात्र तीच मापं जशीच्या तशी लावली की गणित बिघडतं. ते का बिघडतं आणि मग काय करायचं, हे तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयाचं उदाहरण घेऊन पाहू. महाराष्ट्रात ज्याच्या घरात थोडीफार जमीन आहे, त्याचा या कार्यालयाशी कधी ना कधी संबंध आलेला असतो. शिवाय तिथलं ज्ञान जवळजवळ दोनशे वर्षं साचत आलेलं आहे.

स्वीडनमधल्या विमा कंपनीपासून

ही कल्पना हिशेबात आणण्याचं मोठं श्रेय स्कांडिया या स्वीडिश विमा कंपनीला जातं. १९९१मध्ये तिने लेफ एडविन्सन यांना खास बौद्धिक भांडवलाचा संचालक म्हणून नेमलं आणि १९९४च्या वार्षिक अहवालाला या विषयाची स्वतंत्र पुरवणी जोडली. विमा कंपनीकडे ना कारखाना, ना यंत्रं. तिची खरी मिळकत ताळेबंदात दिसतच नाही, ही त्यामागची अडचण होती. तेव्हापासून तीन भागांची विभागणी रूढ झाली: मानवी भांडवल, संरचनात्मक भांडवल आणि संबंधांचं भांडवल.

हीच स्कांडिया २००३मध्ये वरिष्ठांचे भरमसाट बोनस आणि कंपनीच्या सदनिकांच्या वाटपावरून बदनाम झाली आणि २००६मध्ये दुसऱ्या कंपनीच्या ताब्यात गेली. मोजमाप नीट असलं म्हणजे कारभार नीट असतो असं नाही, एवढं या क्षेत्राची सुरुवात करणाऱ्या कंपनीकडूनच शिकायला मिळतं.

एका हद्दीची मोजणी

आता तालुक्याला येऊ. शेजाऱ्याने बांध कोरला असा संशय आला की शेतकरी ‘हद्द कायम’ मोजणीचा अर्ज करतो. मोजणीच्या दिवशी भूकरमापक यंत्र घेऊन येतो, लगतचे खातेदार जमतात, खुणा दाखवल्या जातात आणि पुढे अर्जदाराला नकाशाची ‘क’ प्रत मिळते. बाहेरून पाहिलं तर काम यंत्राचं आहे. उपग्रहाच्या आधाराने चालणारा रोव्हर आता काही सेंटिमीटरच्या अचूकतेने कुठल्याही बिंदूचं स्थान सांगतो.

पण हद्द मुळात कुठे होती, हे रोव्हरला ठाऊक नसतं. ते कागदात आहे आणि तो कागद वाचावा लागतो. १८३०च्या दशकात इंदापूर तालुक्यातून गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या पद्धतीने जमीनमोजणी सुरू झाली. तिचे नियम १८४७च्या संयुक्त अहवालात पक्के झाले. मोजणी व्हायची ३३ फुटांच्या साखळीने. साखळीचे १६ भाग, त्यांना आणे म्हणायचे. ३३ फूट बाय ३३ फूट म्हणजे १,०८९ चौरस फूट, म्हणजेच एक गुंठा. सर्व्हे नंबरांच्या या मोजमापांची जी टिपणं आहेत, ती प्रमाणात काढलेली नाहीत. हाताने काढलेली आकृती आणि तिच्या रेषांवर साखळी-आण्यांचे आकडे, एवढंच. त्यावर पुढे पोटहिश्श्यांची फाळणी आली, क्षेत्रफळासाठी गुणाकार बुक आलं, १९४७च्या कायद्यानुसार तुकडे एकत्र करून गट पाडले गेले, बदलांची कमी-जास्त पत्रकं झाली. एकाच शेताची अशी चार-पाच पिढ्यांची कागदपत्रं असतात आणि ती एकमेकांशी जुळतातच असं नाही.

जुना भूकरमापक टिपण हातात घेतो, आकडे फुटांत आणि मीटरांत फिरवतो, शेताला एक चक्कर मारतो आणि गावाच्या शिवेवरचा किंवा सर्व्हे नंबरच्या कोपऱ्यातला जुना दगड शोधून तिथून सुरुवात करतो. आकडे दोन-तीन हातांनी जुळत नसतील तर तो फरक कुठे मुरवायचा आणि कुठे मुरवायचा नाही, हे तो ठरवतो. कशावरून ठरवलं असं विचारा, अर्धंच उत्तर मिळेल. उरलेलं उत्तर त्याच्या सवयीत आहे. हे मानवी भांडवल.

टिपणं, फाळण्या, गटबुकं, अभिलेख कक्षातली मांडणी, मोजणी अर्जांची संगणकप्रणाली, जमाबंदी आयुक्तांची परिपत्रकं, रोव्हरला दुरुस्तीचे संकेत पुरवणारी स्थायी केंद्रं हे सगळं संरचनात्मक भांडवल. संध्याकाळी सगळे घरी गेल्यावर कार्यालयात जे उरतं ते. नव्या कामाचा अनुभव पद्धत म्हणून मुरला की त्यात भर पडते. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात ड्रोनने गावठाणाची मोजणी करून पाहिली गेली आणि २४ एप्रिल २०२० रोजी जाहीर झालेल्या देशव्यापी स्वामित्व योजनेला अशा प्रयोगांचा पाया मिळाला. एका गावात जे जमलं ते कार्यपद्धती म्हणून लिहिलं गेलं, म्हणून ते दुसऱ्या राज्यात नेता आलं.

तिसरा भाग संबंधांचा. लगतच्या खातेदारांनी नोटीस घेतली का, ते मोजणीला आले का, पोलीस पाटील आणि तलाठी सोबत उभे राहिले का, दिवाणी न्यायालय मोजणी अहवालावर विसंबतं का, आणि मुख्य म्हणजे खुणा रोवून माणसं परतल्यावर त्या खुणा दुसऱ्या दिवशी जागेवर राहतात का. अहवाल विकत मिळतो अशी एकदा समजूत झाली की मोजणी कितीही अचूक असो, ती मानली जात नाही. सरकारी हिशेबात हा भाग सगळ्यात कमी मोजला जातो. माझ्या मते तो सगळ्यात महाग आहे.

बेरीज नाही, गुणाकार

या तीन भागांची बेरीज होत नाही. एक शून्यावर आला की बाकीच्यांची किंमतही शून्याकडे जाते. याचा पुरावा महाराष्ट्राने अलीकडेच मोठ्या प्रमाणावर पाहिला. मराठवाड्यातल्या निजामकालीन कुणबी नोंदी शोधण्यासाठी सप्टेंबर २०२३मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. पुढे हा शोध राज्यभर पसरला. तहसील, भूमी अभिलेख, शाळा, पुराभिलेख अशा ठिकाणचे जुने दस्त बाहेर निघाले. कागद होते, त्यातले बरेच मोडी लिपीत, काही उर्दू-फारसीत. वाचणारे मोजके. मोडी जाणणाऱ्यांचा शोध घ्यावा लागला.

पिढ्यान्पिढ्या जपलेलं एवढं मोठं संरचनात्मक भांडवल ते वाचणारी माणसं नसल्यामुळे निजलेलं होतं. गरज पडेपर्यंत ही तूट कुणाच्या लक्षात आली नाही, कारण ती कुठे मोजलीच जात नव्हती. अभिलेख कक्षात किती गठ्ठे आहेत याची यादी सापडेल. त्यातले किती गठ्ठे आज कार्यालयातलं कुणी वाचू शकतं, याची यादी सापडणं अवघड आहे. मूल्यमापन म्हणजे ही दुसरी यादी.

रुपयांत का मोजता येत नाही

कंपनीच्या बाबतीत एक ढोबळ युक्ती आहे. समजा शेअर बाजारात कंपनीची किंमत १०० कोटी आहे आणि ताळेबंदातली निव्वळ मालमत्ता ४० कोटी. मग मधले ६० कोटी लोक तिच्या ज्ञानाला, नावाला आणि माणसांना देताहेत असं मानायचं. ही युक्ती कंपनीतही डळमळीत आहे, कारण बाजार पडला म्हणून कर्मचाऱ्यांचं ज्ञान रातोरात कमी होत नाही. भूमी अभिलेख कार्यालयाचे तर शेअरच नाहीत.

लेखाशास्त्राकडूनही मदत होत नाही. प्रशिक्षित माणसं ही मालमत्ता म्हणून ताळेबंदात धरता येत नाहीत, कारण संस्थेचा त्यांच्यावर पुरेसा ताबा नसतो. ती कधीही सोडून जाऊ शकतात. तर्क बरोबर आहे. पण परिणाम असा होतो की प्रशिक्षणावरचा पैसा हिशेबात नुसता खर्च म्हणून दिसतो आणि काटकसरीचं वारं आलं की पहिली कात्री तिथे लागते.

तिसरी पद्धत क्रोएशियाच्या आंते पुलिक यांची. आपल्याकडच्या शोधनिबंधांत ती फार लोकप्रिय आहे. संस्थेने निर्माण केलेल्या मूल्याला पगारखर्चाने भागायचं. उत्तर जेवढं मोठं, तेवढी माणसं परिणामकारक. बँकांना लावायला हे सोपं आहे. सरकारी कार्यालयात मात्र गोची होते. सरकारी सेवा बाजारात विकली जात नाही, म्हणून राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात तिचं मूल्य तिच्या खर्चाइतकंच धरतात, आणि त्या खर्चात मोठा वाटा पगाराचा. म्हणजे पगाराला जवळजवळ पगारानेच भागायचं. उत्तर एकच्या आसपास येणार, कार्यालय उत्तम असो की ढिसाळ. वेतन आयोग लागू झाला की निर्माण झालेलं ‘मूल्य’ आपोआप वाढतं! सरकारी खात्यावर हे सूत्र लावून दशांश चिन्हापर्यंत निष्कर्ष काढलेला दिसला, तर तो कागद बाजूला ठेवायला हरकत नाही.

मग काय करायचं

रुपयाचा नाद सोडला की काम बरंच सोपं होतं. कार्यालयाची अशी चार-पाच कामं निवडायची, जी अडली तर नागरिकाचं खरोखर अडतं. प्रत्येक कामाला कोणकोणतं ज्ञान लागतं ते लिहायचं. मग त्या प्रत्येक ज्ञानाबद्दल विचारायचं: हे आज किती जणांना स्वतंत्रपणे येतं? त्यातले किती पुढच्या तीन वर्षांत निवृत्त होतील किंवा बदलून जातील? नवख्याला ते शिकायला किती काळ लागतो? आणि त्यातलं किती कुठे लिहिलेलं आहे?

समजा एका तालुक्यात सहा भूकरमापक आहेत. रोव्हर सहाही जणांना चालवता येतो. तरुणांना तर जास्त चांगला. साखळी-आण्यातलं टिपण विश्वासाने वाचणारे दोघे. गट आणि जुना सर्व्हे नंबर यांचा मेळ बसत नसेल तर एकत्रीकरणाच्या कागदांतून तो सोडवणारा एकच, आणि तो दोन वर्षांत ५८ पूर्ण करतो. हे शिकायला हाताखाली दीड-दोन वर्षं लागतात. लिहिलेलं काही नाही. हे काल्पनिक कोष्टक तालुक्याला अर्ध्या पानात बसतं, पण या कार्यालयाचं भांडवल कुठून गळणार हे त्यावरून लगेच कळतं. शिकवणी आज सुरू झाली तरच वेळेत पुरी होईल. पुढच्या वर्षी सुरू केली तर शिकवणारा निघून जाईल. कुठलंही एक गोळाबेरीज गुणांकन हे सांगू शकत नाही.

निर्देशक बाहेरून आणण्याचीही फारशी गरज नाही. खात्याच्या रोजच्या कागदांत ते पडलेले असतात. मोजणी मान्य नसेल तर अर्जदार निमताना मोजणी मागतो. ती वरचा अधिकारी करतो. त्यावरही समाधान नसेल तर सुपर निमताना. दर शंभर मोजण्यांमागे किती निमतान्याला गेल्या, त्यातल्या किती ठिकाणी पहिली हद्द बदलली आणि कुठल्या कारणाने, हा आकडा काढला तर मानवी भांडवलाचं इतकं चांगलं माप दुसरं मिळणार नाही. त्यातही कारण महत्त्वाचं. यंत्राची चूक वेगळी, टिपण चुकीचं वाचणं वेगळं, आणि मोजणी बरोबर असूनही पक्षकाराने न मानणं तिसरंच. पहिली दोन कौशल्याची, तिसरी विश्वासाची. तीनही एकाच ‘तक्रारी’ या रकान्यात कोंबल्या की माहिती संपली.

संरचनात्मक भांडवलाची यादी करायला तर कायद्यानेच सांगितलंय. माहिती अधिकार अधिनियम, २००५च्या कलम ४नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपले अभिलेख सूचीबद्ध करायचे आहेत आणि कामाचे नियम, सूचना, नियमपुस्तिका यांच्यासह १७ बाबी स्वतःहून जाहीर करायच्या आहेत. अनेक कार्यालयांत ती १७ बाबींची पुस्तिका एकदा छापली की नुसती तारीख बदलत राहते. ती प्रामाणिकपणे भरली, तर मूल्यमापनाचं निम्मं काम झालं. लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५खाली सेवांच्या मुदती अधिसूचित आहेत, त्यामुळे वेळेचा आकडाही हाताशी आहे. १९८०च्या दशकात अहमदनगरला जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयाची मांडणी, अभिलेखांची वर्गवारी आणि कामाच्या पद्धती यांत जी सुधारणा केली आणि जी पुढे लखिना पॅटर्न म्हणून ओळखली गेली, ती संरचनात्मक भांडवलातलीच भर होती. बौद्धिक भांडवल हा शब्द तेव्हा कुणी उच्चारत नव्हतं, इतकंच.

बदल्यांचाही हिशेब यातच धरावा लागतो. राज्याच्या बदल्यांच्या कायद्याप्रमाणे एका पदावर साधारण तीन वर्षं. वर म्हटलेलं कौशल्य मुरायला दोन वर्षं लागत असतील, तर पूर्ण क्षमतेने काम करायला एकच वर्ष उरतं. बदली वाईट असं मी म्हणत नाही. हितसंबंध मोडायला ती लागते आणि दुसऱ्या तालुक्यातली चांगली पद्धत तिच्याबरोबर प्रवास करते. पण तिची किंमत असते, आणि ती किंमत कामागणिक वेगळी असते.

इथे एक सापळा सांभाळायचा. जे मोजायला सोपं, तेच मोजण्याचा मोह फार असतो. सप्टेंबर २०२०मध्ये मंजूर झालेल्या मिशन कर्मयोगीमुळे केंद्र-राज्यांतल्या कर्मचाऱ्यांना ऑनलाइन अभ्यासक्रम घरबसल्या मिळू लागले. सोय चांगलीच आहे. पण किती जणांनी किती अभ्यासक्रम पूर्ण केले, हा प्रयत्नांचा आकडा झाला. त्या माणसाच्या मोजण्या आता निमतान्याला कमी जातात का, हा भांडवलाचा प्रश्न.

लिहून ठेवलं तरी

‘सगळं लिहून काढा’ हा सल्लाही अपुरा पडतो. अमेरिकेत अण्वस्त्रांमध्ये वापरला जाणारा ‘फॉगबँक’ हे टोपणनाव असलेला एक गुप्त पदार्थ टेनेसी राज्यातल्या ओक रिजच्या सरकारी कारखान्यात १९८०च्या दशकाअखेरपर्यंत तयार होत असे. पुढे २०००नंतर जुन्या अस्त्रांचं आयुष्य वाढवायला तो पुन्हा हवा झाला. तेव्हा कळलं की प्रक्रियेच्या नोंदी तुटपुंज्या आहेत आणि करणारी माणसं बहुतेक निवृत्त झाली किंवा निघून गेली आहेत. नवा कारखाना उभारूनही पदार्थ जमेना. कारण सापडलं ते मजेशीर होतं: जुन्या कच्च्या मालात एक अशुद्धी असायची आणि पदार्थाचा गुण तिच्यामुळे यायचा. नव्या, अधिक स्वच्छ प्रक्रियेत ती निघून जात होती. जुन्या कारागिरांनाही हे ठाऊक नव्हतं, मग ते लिहिणार काय? अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाच्या २००९च्या अहवालात या विलंबाची नोंद आहे.

म्हणून ‘किती लिहिलंय’ याच्याबरोबर ‘लिहिलेल्यावरून कुणी नवख्याने करून पाहिलंय का’ हेही तपासायचं. तरुण भूकरमापकाला नुसती पुस्तिका आणि टिपण देऊन शेतात पाठवायचं, जुन्याने मागे गप्प उभं राहायचं. जिथे तो अडेल, तिथे पुस्तिकेत भोक आहे.

कायदा करून हे सक्तीचं करता येतं का? ऑस्ट्रियाने केलं. तिथल्या २००२च्या विद्यापीठ कायद्याने सरकारी विद्यापीठांना दरवर्षी ज्ञानाचा ताळेबंद काढायला लावला. सुरुवातीला निर्देशकांचं ओझं एवढं झालं की विद्यापीठं कुरकुरू लागली, आणि नियमावली पुढे आटोपशीर करावी लागली. तरी तो ताळेबंद टिकला, कारण विद्यापीठ आणि सरकार यांच्यातल्या तीन वर्षांच्या कामगिरी कराराशी त्याची सांगड घातलेली आहे. अहवाल कुठल्यातरी निर्णयाला जोडलेला असला की तो भरणारा विचार करून भरतो. आपल्याकडे अशी जोडणी करायची तर जागा तयार आहेत: बदल्यांची समुपदेशन प्रक्रिया, पदभरतीची मागणी आणि कार्यभार हस्तांतरणाची यादी.

राहिला माणसांचा प्रश्न. ज्याला एकट्याला एखादी गोष्ट येते, त्याचं कार्यालयातलं वजन त्या एकटेपणावरच असतं. कोष्टक भरायला बसवलं की तो म्हणणार, ‘तसं सगळ्यांनाच येतं, साहेब.’ शिकवलेल्याची नोंद गोपनीय अहवालात चांगल्या शेऱ्याच्या रूपाने होणार असेल तरच तो तोंड उघडेल, आणि त्याला दोष देण्यात अर्थ नाही. या बाबतीत खरी परिस्थिती जाणून घ्यायचा एक आडमार्ग आहे. निवृत्तांना करार पद्धतीने परत घेण्याची सोय शासनात आहे. असे किती प्रस्ताव गेले आणि त्यात ‘या कामाचा अनुभव असलेला दुसरा कर्मचारी उपलब्ध नाही’ असं कारण किती वेळा लिहिलं, ते मोजा. एरवी कबूल न होणारी तूट तिथे सही-शिक्क्यानिशी लिहिलेली असते.